दोघांच्या नावाचा धनादेश एकाच्या खात्यात जमा होईल का?

प्रश्न: घरमालकांनी अनामत रकमेचा ‘अकाउंट पेयी’ (फक्त नाव असलेल्यांच्याच खात्यात जमा होणारा) धनादेश माझ्या व पत्नीच्या नावे दिला आहे, परंतु आमचे संयुक्त खाते नाही. काय करावे?

उत्तर १: परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ (धनादेश वगैरेंचा कायदा) च्या कलम १३ नुसार धनादेश दोघांना संयुक्तपणे किंवा त्यांपैकी एकाला पर्यायाने देय असू शकतो, म्हणून नावांमध्ये ‘आणि’ आहे की ‘किंवा’, हे आधी पाहावे.

उत्तर २: ‘आणि’ असल्यास धनादेशाच्या मागे पत्नीची सही घेऊन भागेल, हा समज सोडावा (आमच्याकडे तोच घोळ झाला होता). पत्नीचे नाव आपल्या खात्यात जोडावे. धनादेशाची मुदत २०१२ पासून सहा नव्हे, तीनच महिने आहे.

प्रश्नकर्ता: ‘आणि’च आहे. उद्याच अर्ज देतो.