समाजाच्या नावावर संघाचा ट्रेडमार्क: नोंदणीपूर्वी संमती मागावी का?

नीरक्षीर (चर्चाप्रस्ताव)

वॉशिंग्टनच्या अमेरिकन फुटबॉल संघाने 'रेडस्किन्स' ('लाल कातडीचे', अमेरिकेतील आदिवासींना उद्देशून वापरला जाणारा आणि अनेकांना अपमानकारक वाटणारा शब्द) हे नाव जुलै २०२० मध्ये सोडले आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये 'कमांडर्स' हे नाव घेतले. जुने नाव परत आणले नाही तर राजधानीतील नियोजित स्टेडियमच्या व्यवहारात आडकाठी आणू, असे राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी जुलै २०२५ मध्ये सुनावल्यापासून हा वाद पुन्हा उकरला गेला आहे. नाव चांगले की वाईट यावर आजवर भरपूर शाई खर्च झालेली असल्यामुळे मला येथे एकाच मुद्द्याची चर्चा अपेक्षित आहे. एखाद्या मानवसमूहाला उद्देशून असलेले नाव खाजगी संघाची मालमत्ता म्हणून सरकारी नोंदवहीत चढवायचे असेल, तर त्या समूहाची संमती आवश्यक मानावी का? माझ्या मते मानावी, आणि तसा नियम अमेरिकेच्या राज्यघटनेत बसू शकतो.

ज्यांना हे प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात पार्श्वभूमी देतो. बॉस्टनमधील या संघाने १९३३ मध्ये हे नाव धारण केले आणि १९३७ मध्ये तो वॉशिंग्टनला आला. मालक जॉर्ज प्रेस्टन मार्शल यांची ख्याती अशी, की कृष्णवर्णीय खेळाडू घेणारा लीगमधला शेवटचा संघ त्यांचाच होता, आणि तोही १९६२ मध्ये, सरकारने दटावल्यावर. नावाची पहिली ट्रेडमार्क नोंदणी १९६७ ची असून १९९० पर्यंत अशा सहा नोंदण्या झाल्या. १९४६ च्या लॅनहॅम कायद्यानुसार जिवंत वा मृत व्यक्तींची अवहेलना करणाऱ्या चिन्हाला नोंदणी नाकारता येत असे. त्याच कलमाचा आधार घेऊन सुझन शोन हार्जो आणि अन्य सहा आदिवासी अर्जदारांनी १९९२ मध्ये नोंदण्या रद्द करण्याची मागणी केली. ट्रेडमार्क कार्यालयाच्या न्यायाधिकरणाने १९९९ मध्ये ती मान्य केली, परंतु २००३ मध्ये फेडरल न्यायालयाने पुरावा अपुरा आहे आणि अर्जदारांनी फार उशीर केला, अशी दोन कारणे देऊन तो निर्णय फिरवला. उशिराच्या मुद्द्यावर वर-खाली फेऱ्या होत हे प्रकरण २००९ मध्ये संपले. तोपर्यंत अमांडा ब्लॅकहॉर्स आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी दुसरा अर्ज केलेला होता. त्यांच्या बाजूने २०१४ मध्ये न्यायाधिकरणाने आणि २०१५ मध्ये व्हर्जिनियातील फेडरल न्यायालयाने निकाल दिला. त्यावरचे अपील प्रलंबित असतानाच सर्वोच्च न्यायालयाने जून २०१७ मध्ये 'मटाल विरुद्ध टॅम' या वेगळ्याच खटल्यात अवहेलनेचे कलम घटनाबाह्य ठरवले आणि ब्लॅकहॉर्स यांच्या विजयाचा पायाच निघून गेला. अपील सुरू असेपर्यंत नोंदणी काढली जात नाही, त्यामुळे पंचवीस वर्षे भांडूनही त्या सहा नोंदण्या प्रत्यक्षात एक दिवसही रद्द झाल्या नाहीत.

आता माझ्या मुद्द्याकडे येतो. त्याच कायद्यात आणखी एक कलम आहे, ज्यानुसार हयात व्यक्तीचे नाव तिच्या लेखी संमतीविना ट्रेडमार्क म्हणून नोंदवता येत नाही. ट्रम्प यांची टवाळी करणारे एक वाक्य टी-शर्टसाठी नोंदवू पाहणाऱ्या अर्जदाराला याच कलमाखाली नकार मिळाला आणि 'विडाल विरुद्ध एल्स्टर' या खटल्यात जून २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो नकार उचलून धरला. स्तुती असो वा निंदा, संमती नसेल तर नोंदणी नाही, असा हा नियम आहे, आणि तो कोणत्याही मताची बाजू घेत नाही व अशा नियमाला जुनी परंपरा आहे, म्हणून टिकला. एका राजकारण्याच्या नावाला जे संरक्षण मिळते, ते संपूर्ण समाजाला का मिळू नये? नोंदणी नाकारल्याने कोणाचे तोंड बंद होत नाही. संघ ते नाव वापरू शकतो, मैदानावर रंगवू शकतो, त्याखाली खेळू शकतो. त्याला फक्त देशभर चालणारे मालकीचे कायदेशीर गृहीतक, नोंदणीचे वर्तुळातील चिन्ह आणि सीमेवर कस्टम्सकडून बनावट माल अडवून घेण्याची सोय, या गोष्टी मिळत नाहीत. या सवलती सरकार देते, आणि सवलतीला अट घालणे म्हणजे मुस्कटदाबी नव्हे.

तर्ककर्कश

प्रस्ताव अभ्यासपूर्ण असला तरी त्याच्याशी मी सहमत नाही. 'टॅम' खटल्यातला वादी कोण होता, हे आपण सांगितले नाही. सायमन टॅम हे आशियाई वंशाचे अमेरिकन संगीतकार. त्यांनी आपल्या बँडला 'द स्लँट्स' हे नाव मुद्दाम दिले, कारण आशियाई लोकांच्या डोळ्यांवरून केल्या जाणाऱ्या हिणवणुकीची धार त्यांना बोथट करायची होती. ट्रेडमार्क कार्यालयाने आशियाई लोकांच्या अवहेलनेचे कारण देऊन आशियाई माणसालाच नोंदणी नाकारली. दुर्बलांच्या रक्षणासाठी केलेला नियम दुर्बलांवरच उलटतो तो असा. न्यायमूर्ती केनेडी यांनी आपल्या सहमतीच्या निकालपत्रात नेमके हेच दाखवून दिले, की समूहाविषयी चांगले बोलणारे चिन्ह चालते आणि वाईट बोलणारे चालत नाही, याचाच अर्थ सरकार मत पाहून निवड करते.

आपली संमतीची कल्पना ही अडचण टाळते, हे मान्य. पण दुसरी मोठी अडचण ओढवून घेते. संमती कोण देणार? अमेरिकेत केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या आदिवासी जमाती पाचशेहून अधिक आहेत आणि 'रेडस्किन्स' हा शब्द त्यांतल्या कोणा एकीचा नाही. वॉशिंग्टन पोस्टने २०१६ मध्ये केलेल्या जनमत चाचणीत दहापैकी नऊ आदिवासींनी नावाचा आपल्याला त्रास होत नसल्याचे सांगितले, तर २०२० मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेतील संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सुमारे निम्म्यांना ते आक्षेपार्ह वाटले. प्रश्न विचारण्याची रीत बदलली की उत्तर बदलते. अशा आकड्यांवर मालमत्तेचा हक्क ठरवायचा का? हयात व्यक्तीची सही घेता येते, समाजाची घेता येत नाही. आपल्या तुलनेतला कच्चा दुवा तोच आहे.

पोटोमॅककाठी

मी वॉशिंग्टनला लागून असलेल्या उत्तर व्हर्जिनियात राहतो, आणि सामन्याच्या दिवशी मेट्रोत जुन्या नावाच्या टोप्या आजही दिसतात. वरील दोन्ही प्रतिसाद कायद्याला वाजवीपेक्षा अधिक महत्त्व देतात, असे मला वाटते. नाव बदलायला कोणत्याही न्यायालयाने लावले नाही. मालक डॅन स्नायडर यांनी २०१३ मध्ये नाव कधीही बदलणार नसल्याचे ठणकावले होते आणि 'कधीही' हा शब्द मोठ्या अक्षरांत छापा, असेही वार्ताहराला सांगितले होते. पुढे २०१७ मध्ये न्यायालयीन लढाई ते जिंकले. त्यानंतर तीनच वर्षांत, जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीयाच्या पोलिसांच्या हातून झालेल्या मृत्यूनंतर उसळलेल्या आंदोलनाच्या काळात, स्टेडियमला जिचे नाव होते त्या फेडएक्स या कुरियर कंपनीने नाव बदलण्याची विनंती जाहीरपणे केली, नाइकेने आपल्या संकेतस्थळावरून संघाचा माल उतरवला, आणि दोन आठवड्यांच्या आत 'कधीही' संपले.

आणखी एक व्यावहारिक बाब. या लीगमध्ये परवान्यावर विकल्या जाणाऱ्या मालाचे उत्पन्न बहुतांशी सर्व संघांमध्ये वाटले जाते. त्यामुळे एका संघाची नोंदणी रद्द झाली असती तरी त्याच्या मालकाच्या खिशाला बसणारी झळ सौम्यच असती. नोंदणीचे हत्यार ज्यांनी उपसले त्यांना प्रसिद्धी मिळाली, हे खरे. नाव बदलण्याइतकी धार मात्र त्या हत्याराला नव्हती.

रेवाकाठ

प्रसिद्धीला आपण किरकोळ मानता हे पटत नाही. फेडएक्सला २०२० मध्ये अचानक उपरती झाली, ती पोकळीतून आलेली नव्हती. शब्दकोशांच्या नोंदी, भाषातज्ज्ञांच्या साक्षी, १९७२ मध्ये आदिवासी नेत्यांनी संघाच्या तत्कालीन अध्यक्षांची घेतलेली भेट आणि त्यानंतर संघगीतातील काही ओळींत झालेला बदल, हे सगळे एका जागी आणि शपथेवर नोंदले गेले ते या दोन खटल्यांमुळे. पुढे ज्यांनी दबाव आणला त्यांच्या हातात ही कागदपत्रे होती.

मला खरा संताप येतो तो उशिराच्या मुद्द्याचा. १९६७ मध्ये नोंदणी झाली तेव्हा हार्जो गटातला सर्वांत धाकटा अर्जदार तान्हे बाळ होता. त्यामुळे २००५ मध्ये अपील न्यायालयाने त्याच्यापुरता उशीर तो सज्ञान झाल्यापासून मोजायला सांगितले. त्यावर खालच्या न्यायालयाने असे ठरवले की १९८४ मध्ये सज्ञान होऊन १९९२ पर्यंत, म्हणजे जवळजवळ आठ वर्षे, तो थांबला, हाही उशीरच. दरम्यान संघाने नावावर पैसा गुंतवला होता, म्हणून त्याचे नुकसान करता येत नाही! म्हणजे अपमान जितका अधिक काळ विकला जाईल तितका तो कायद्याने पक्का होतो. कराराच्या वादात हे तत्त्व शोभते, येथे नाही.

कलम_नऊ

ट्रेडमार्कच्या कामाशी माझा व्यवसायाने संबंध आहे, म्हणून भारतातील स्थिती नमूद करतो. आपल्या १९९९ च्या कायद्यातील कलम ९(२) नुसार नागरिकांच्या कोणत्याही वर्गाच्या धार्मिक भावना दुखावण्याची शक्यता असलेले चिन्ह नोंदवता येत नाही. निंद्य किंवा अश्लील मजकुरालाही तेथेच मनाई आहे. आपल्या घटनेच्या अनुच्छेद १९(२) मध्ये वाजवी निर्बंधांना जागा असल्यामुळे हे कलम 'टॅम'सारख्या निकालाने पडेल, असे मला वाटत नाही. मात्र लक्षात घ्यावे, की वंश किंवा जमात यांचा उल्लेख या कलमात नाही. उद्या एखाद्या व्यावसायिक संघाने येथील आदिवासी जमातीला हिणवणारे नाव घेतले, तर तपासणी अधिकाऱ्याला 'निंद्य' या शब्दाचाच आधार शोधावा लागेल.

त्याचबरोबर तर्ककर्कश यांच्या संमतीवरील आक्षेपात तथ्य आहे, हेही सांगायला हवे. फ्लोरिडा राज्य विद्यापीठाचे संघ (व्यावसायिक नव्हेत, पण उदाहरण लागू पडते) 'सेमिनोल' हे नाव फ्लोरिडातील सेमिनोल जमातीच्या पाठिंब्याने वापरतात. ओक्लाहोमातील सेमिनोल हे मात्र स्वतंत्र आदिवासी राष्ट्र, म्हणजे वेगळी जमात, आहे. एकाच नावाचे दोन धनी असतील, तर एकाची सही पुरेशी कशी?

मध्यरेषा

ट्रेडमार्कचे मूळ काम ग्राहकाची फसगत टाळण्याचे आहे, आणि नीतीचा प्रश्न त्यात घुसवला की हा गोंधळ होणारच. क्लीव्हलंडच्या बेसबॉल संघाचे उदाहरण पाहा. 'इंडियन्स' सोडून त्यांनी जुलै २०२१ मध्ये 'गार्डियन्स' हे नाव जाहीर केले. शहरातील पुलावरच्या रक्षकमूर्तींवरून घेतलेले हे नाव निरुपद्रवी होते. त्याआधी त्यांनी ट्रेडमार्कचा पहिला अर्ज गुपचूप मॉरिशसमध्ये दाखल केला होता. परंतु त्याच शहरात २०१३ पासून 'क्लीव्हलंड गार्डियन्स' नावाचा रोलर डर्बी (चाकांचे स्केट घालून खेळला जाणारा खेळ) संघ खेळत होता. त्याने ऑक्टोबरमध्ये दावा ठोकला, नोव्हेंबरमध्ये तडजोड झाली आणि आज दोघेही ते नाव वापरतात. मोठ्याने लहानाला गिळू नये यासाठी ट्रेडमार्क कायदा असतो, आणि येथे तो तीन आठवड्यांत कामी आला. वॉशिंग्टनच्या चाहत्यांना आवडलेले 'रेडवुल्व्ह्ज' हे नावही इतर संघांच्या आधीच्या हक्कांमुळेच बाद झाले. कायद्याला त्याचे काम करू द्यावे, उरलेले समाजाने पाहावे.

नीरक्षीर

कलम_नऊ यांच्या सेमिनोल उदाहरणाला माझे उत्तर असे, की संमती संशयास्पद असेल तर नोंदणी देऊ नये. दोन धन्यांपैकी एकच राजी असेल तर नकार, इतके साधे. नोंदणी न मिळाल्याने संघ बुडत नाही, हे पोटोमॅककाठी यांनीच दाखवले आहे. शिवाय 'रेडस्किन्स'सारख्या, कोणत्याच जमातीने स्वतःसाठी न निवडलेल्या नावाला संमती देणारा मिळणार नाही, ही मला त्रुटी वाटत नाही. टॅम यांची अडचण मात्र खरी आहे. समूहातील व्यक्तीनेच अर्ज केला तर काय, याचे उत्तर नियमात द्यावे लागेल.

मध्यरेषा, लहानाला मोठ्याने गिळू नये हे तत्त्व आपल्याला मान्य आहे. मग लहान रोलर डर्बी संघ असेल तर कायद्याने धावावे आणि लहान एखादी जमात असेल तर नीती म्हणून हात झटकावे, हे कसे?

तर्ककर्कश

रोलर डर्बी संघ ते नाव आपल्या खेळासाठी वापरत होता. जमाती 'रेडस्किन्स' वापरत नव्हत्या. फरक तेवढाच, पण ट्रेडमार्क कायद्यात सगळे काही त्या वापरावरच उभे आहे.

आणि त्याच वापरातून निघणारा एक परिणाम आपल्या प्रस्तावात विचारात घेतलेला नाही. अमेरिकन कायद्यानुसार सलग तीन वर्षे न वापरलेले चिन्ह सोडून दिले असे गृहीत धरले जाते. मालकाने जुने नाव पूर्ण बंद केले तर कालांतराने त्यावरचा हक्क संपेल आणि ज्याला वाटेल तो त्या नावाच्या टोप्या छापू लागेल. हक्क टिकवायचा, तर थोडा तरी माल बाजारात ठेवावा लागेल. आपला संमतीचा नियम १९६७ मध्ये असता, तर संघाकडे वापरातून आलेला हक्क राहिलाच असता, पण नकली माल विकणाऱ्याला रोखणे अवघड गेले असते आणि ते नाव अधिक स्वस्तात, अधिक डोक्यांवर मिरवले गेले असते. २०२३ मध्ये ६ अब्ज डॉलरहून अधिक किंमत मोजून जॉश हॅरिस यांच्या गटाने हा संघ विकत घेतला, तेव्हा हे जुने नावही त्यांच्याकडे आले. ते नाव बाजारातून नाहीसे व्हावे असे ज्यांना वाटते, त्यांना आज हॅरिस यांनी ट्रेडमार्क घट्ट धरून ठेवावा अशीच इच्छा करावी लागेल.