सल्ला हवा: मोंढ्यातल्या ऑफिससाठी टेबल-खुर्च्या

मोंढेकरी:
नमस्कार मंडळी. जालन्याच्या मोंढ्यात, म्हणजे घाऊक बाजारात, बियाणं आणि खताचा होलसेल धंदा आहे. आजवर दुकानातच गादी टाकून बसत आलो. आता गोदामाला लागून २२ बाय १४ फुटांची खोली मिळालीय, तिथं ऑफिस करायचंय. मी, धाकटा भाऊ आणि हिशेबाला दोघं, अशी चार टेबलं लागतील. शिवाय डीलर, शेतकरी यांची ये-जा. बजेट दीड लाख. भाऊ म्हणतो, संभाजीनगरच्या शोरूममधून सगळं एकदम उचलू. वडील म्हणतात, ओळखीच्या सुताराला बसवा. एका दुकानात माझ्या एकट्याच्या टेबलाचे ४२ हजार सांगितले. एल आकाराचं, चकचकीत. काय करावं?

लाकूडतोड्या:
त्या ४२ हजाराच्या टेबलाखाली वाकून बघितलं का भाऊ? बहुतेक पार्टिकल बोर्ड निघेल, म्हणजे दाबलेला भुसा. दिसायला झकास, पण एकदा खोलून दुसरीकडं जोडलं की स्क्रू पकड सोडतात, आणि रोजचा ओला पोछा लागून खालची कड फुगते.

अहो, लोखंडी सळईच्या कारखान्यांच्या गावात राहता आणि टेबलाला लाकडाचे पाय कशाला? फॅब्रिकेशनवाल्याकडून चौकोनी पाइपाच्या फ्रेमा वेल्ड करून घ्या, पावडर कोटिंग (भट्टीत भाजून पक्का केलेला रंग) करून. वर १८ एमएमचं प्लायवूड. ८ बाय ४च्या एका शीटमध्ये ४ बाय २चे बरोबर चार टॉप निघतात, वाया काही जात नाही. सनमायका मॅट घ्या, चकाकणाऱ्यावर ट्यूबलाइट डोळ्यात येते आणि बोटांचे ठसे उठतात ते वेगळंच. उंची २९ ते ३० इंच. शीटवरचा शिक्का स्वतः वाचा. त्यावर आयएस मानकाचा आकडा असतो. ७१० म्हणजे मरीन, ते बाथरूम-किचनला. कोरड्या ऑफिसला ३०३मधलं बीडब्ल्यूआर, म्हणजे उकळत्या पाण्यातही तग धरणारं, पुष्कळ झालं. सुताराला मजुरीनं लावा, माल तुम्ही आणा.

वाळूजवाला:
सुतार ठीक, पण तारीख कोण पाळणार? आमच्याकडं आठ दिवसांचं काम अडीच महिने चाललं. मधे त्यांच्या घरी दोन लग्नं झाली. जुनं फर्निचरही बघा. इकडं एमआयडीसीत ऑफिस बंद झालं किंवा हललं की चांगला माल निम्म्याहून कमी भावात जातो. टेबल, कपाट बिनधास्त घ्या. खुर्ची घेताना मात्र तिच्यावर दहा मिनिटं बसून राहा. उंची धरणारा गॅसचा दांडा गेलेला असेल तर हळूहळू खाली जाते.

हिशेबवाली:
मी दिवसाचे आठ-नऊ तास खुर्चीत काढते, म्हणून स्पष्टच सांगते. मालकाची खुर्ची उंच पाठीची, रेक्झिनची, आणि हिशेबाला बसणाऱ्याला प्लास्टिकची, हे सगळीकडं बघितलंय. मालक तर निम्मा दिवस बाहेर असतो! उलटं करा, दादा. जाळीच्या पाठीची, कमरेला आधार देणारी, उंची कमी-जास्त होणारी खुर्ची आधी त्या दोघांना. मे महिन्यात रेक्झिनला पाठ चिकटते. खालचा पाच पायांचा बेस हलक्या प्लास्टिकचा असेल तर तडकू शकतो, धातूचा मागा.

आणि पक्कं बिल घ्या. फर्निचरवर १८ टक्के जीएसटी आहे. तुम्ही कंपोझिशनमध्ये, म्हणजे विक्रीवर ठराविक टक्के कर भरायच्या योजनेत, नसाल तर खतविक्रीच्या वाट्यापुरता तो क्रेडिटला मिळतो, म्हणजे तुमच्या भरायच्या करातून वजा होतो; बियाणं करमुक्त, त्याच्या वाट्याचा मिळत नाही. "बिलाशिवाय स्वस्त" म्हणणाऱ्याचा हिशेब करून बघा, स्वस्त पडत नाही. इन्कम टॅक्सला वर्षाला १० टक्के घसारा धरता येतो. जीएसटीचं क्रेडिट घेतलं तर तेवढी रक्कम सोडून घसारा धरायचा.

कृषीकेंद्र_परभणी:
एक गोष्ट कुणीच बोललं नाही. खत! गोदामाला लागून खोली म्हणता, तर खताची धूळ येणारच. ती हवेतला ओलावा ओढते आणि लोखंड खाते. माझं एक कपाट चार पावसाळ्यांत खालून चाळणी झालं. कपाट गोदामाच्या भिंतीला लावू नका, चार इंच उचलून ठेवा. पत्रा २२ गेजपेक्षा २० गेजचा घ्या, आकडा कमी तितका पत्रा जाड. स्टॉक रजिस्टरं, बिल बुकं वर्षानुवर्षं सांभाळावी लागतात, म्हणून कपाटं दोन.

बाहेर सोफा अजिबात नको. पेरणीच्या दिवसांत चिखलाचे पाय, तंबाखू, पिशव्या. तीन जणांचे स्टीलचे बाक दोन टाका, फडकं मारलं की झालं.

लाकूडतोड्या:
खताचं माझ्या डोक्यातच आलं नाही. मग फ्रेमच्या पायांना रबरी बूट नक्की लावा, आणि कोटिंगआधी वेल्डिंगच्या जागा घासून साफ करून घ्या.

मोंढेकरी:
सगळ्यांचे आभार. खडूनं फरशीवर आखून बघितलं. दोन्ही लांब भिंतींना दोन-दोन टेबलं, टेबलाला २ फूट, खुर्चीला ३ फूट सोडले तरी मधे ४ फूट वाट राहते. भावाला केबिन हवी होती, ती रद्द, म्हणून तो जरा नाराज आहे. फ्रेमा करायला टाकल्या, आणि बाकीच्या मालाची कोटेशनं तिघांकडून मागवलीत.

आता एकच अडचण. वडील म्हणतात, मला खुर्ची नको, माझी गादी पाहिजे.

कृषीकेंद्र_परभणी:
मग ६ बाय ३चा दिवाण करून घ्या. खाली खण काढा, जुनी रजिस्टरं त्यात जातील. फक्त गोदामाकडची भिंत सोडून.




हिशेबवाली:
आणि तिजोरी काकांच्या हाताशी ठेवा, नाहीतर दिवसभर उठबस करतील.