मदत हवी आहे: उघड्या पत्र्यावर प्रायमरआधी गंजाचं काय करायचं?

बॉनेट, दोन दारं आणि पुढचे दोन्ही मडगार्ड रंग काढून उघड्या पत्र्यावर आणले आहेत. आधी पेंट रिमूव्हर, मग डीए सॅण्डरवर (दुहेरी फिरकीचं घासायचं मशीन) ८० नंबरचा पेपर. दोन दिवसांत सगळीकडे नारिंगी झाक आली. दारांच्या खालच्या कडेला जुना, खड्डे पाडणारा गंज आहे, पण आरपार भोक नाही. हाताशी फॉस्फरिक ॲसिडवालं रस्ट रिमूव्हर, टॅनिक ॲसिडवालं रस्ट कन्व्हर्टर (गंज न काढता त्याचा काळा थर बनवणारं), एचिंग प्रायमर (पत्र्यात चावून बसणारा) आणि दोन भागांचा इपॉक्सी प्रायमर आहे. कशावर काय, कोणत्या क्रमाने? लांबी (पुट्टी) कधी भरायची? रंगाला अजून महिनाभर अवकाश आहे.

प्रतिसाद १

चारही डबे आहेत म्हणून चारही उघडू नका. निम्मे घोळ तिथेच होतात.

नारिंगी झाक वरवरची आहे, तिला ॲसिड लागतच नाही. डीएवर ८० चा ताजा पेपर लावून पांढरा चकचकीत पत्रा दिसेपर्यंत फिरवा. पेपर बोथट झाला की बदला. बोथट पेपर गंज काढत नाही, पत्रा नुसता तापवतो, आणि बॉनेटसारखा सपाट पत्रा तापला की पोटात लाटा येतात. वायर ब्रशचंही तसंच: खड्ड्याच्या तोंडावर धातू पसरून चमक येते आणि गंज आत दडून राहतो.

खड्ड्यांसाठी मात्र फॉस्फरिक ॲसिड. बारीक टोकाच्या सॅण्डब्लास्ट गनने तेवढीच जागा मारता आली तर त्याहून उत्तम, फक्त दाब कमी आणि गन तिरकी धरा.

प्रतिसाद २

ॲसिड लावणं सोपं, काढणं अवघड. आधी ग्रीस रिमूव्हरने पुसून घ्या, नाहीतर तेलकट जागी ॲसिड पोहोचतच नाही. मग डब्यावर लिहिलंय तेवढंच पाणी घालून (ॲसिड पाण्यात, पाणी ॲसिडमध्ये नाही) ब्रशने लावा आणि स्कॉच-ब्राइटने घोळवत राहा. जागा वाळू द्यायची नाही. एका वेळी हातभर जागाच घ्या. वाळलं तर पांढरट, चिकट थर बसतो आणि तो नुसत्या पाण्याने निघत नाही. त्यावर पुन्हा तेच ॲसिड ओतायचं, ओलं झालं की लगेच भरपूर स्वच्छ पाण्याने धुवायचं, कोरड्या हवेचा फवारा मारायचा.

धुतल्यावर पत्र्यावर फिकट राखाडी छटा राहते. तो लोह फॉस्फेटचा थर, तो चालतो. पांढरी पूड किंवा चिकटपणा राहिला तर चालत नाही. ॲसिड उरलं की इपॉक्सीचा हार्डनर तळाशी नीट काम करत नाही आणि काही महिन्यांनी थर पापुद्र्यासारखा सुटतो. इपॉक्सीच्या माहितीपत्रकात ‘ॲसिड लावलेल्या पत्र्यावर नको’ असं असेल, तर वाळल्यावर पुन्हा ८० फिरवा.

एक इशारा: दाराच्या खाली बाहेरचा पत्रा आतल्या पत्र्यावर दुमडलेला असतो. त्या दुमडीत ॲसिड शिरलं की धुऊन निघत नाही, नंतर झिरपत राहतं. तिथे फक्त घासा.

धागाकर्ता

खड्डे साफ झाले हे ओळखायचं कसं? आणि कन्व्हर्टर कुठे वापरायचं?

प्रतिसाद १

भिंगातून बघा. खड्ड्याच्या तळाशी टाचणीच्या टोकाएवढा काळा ठिपका दिसला तर गंज आहे. तळ राखाडी धातूचा दिसला तर काम झालं. तेलकटपणाची परीक्षा वेगळी: पत्रा उभा धरून पाणी सोडा. सलग पडदा राहिला तर स्वच्छ, थेंब-थेंब फुटला तर तेल आहे.

कन्व्हर्टरला काम करायला गंजच लागतो. स्वच्छ धातूवर तो निरुपयोगी. दाराच्या आतल्या पोकळीत, जिथे हात आणि पेपर पोहोचत नाही, तिथे ठीक. रंग दिसणाऱ्या बाजूला मी तरी लावणार नाही.

प्रतिसाद ३

एचिंग प्रायमर बाजूला ठेवा. त्यातही ॲसिड असतं. बहुतेक इपॉक्सी त्यावर चालत नाहीत, आणि पॉलिएस्टर लांबी थेट त्यावर भरली तर ॲसिडमुळे ती नीट आवळत नाही.

क्रम असा: ८० ने घासणं, ग्रीस रिमूव्हर दोन फडक्यांनी (एकाने ओलं पुसायचं, वाळण्याआधी दुसऱ्या कोरड्याने उचलायचं), आणि त्याच दिवशी इपॉक्सीचे दोन हात. मधे उघड्या हाताने पत्र्याला शिवू नका. घामातल्या मिठाने बोटांचे ठसे गंजून उमटतात. पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं दव पडतं) किमान ३ अंश वर हवं, नाहीतर डोळ्यांना न दिसणारा ओलावा थराखाली अडकतो. हार्डनर मिसळल्यावर थांबायची वेळ डब्यावर दिली असेल तर तेवढं थांबा.

लांबी इपॉक्सीवरच भरा. इपॉक्सी पुन्हा हात मारायच्या मुदतीत असेल तर थेट, मुदत उलटली असेल तर आधी १८० ने घासून. सांध्यांचं सीलरही इपॉक्सीवरच.

धागाकर्ता

म्हणजे महिनाभर इपॉक्सीवर ठेवलं तर चालेल? की वर टू-के सरफेसर (हार्डनर मिसळून मारायचा, घासून सपाट करायचा थर) मारून ठेवू?

प्रतिसाद ३

इपॉक्सीवरच ठेवा, पण सावलीत, कारण उन्हात त्याचा पृष्ठभाग भुकटतो. सरफेसर सच्छिद्र असतो, पाणी शोषतो, म्हणून तो रंगाच्या आठवड्यातच मारा. महिन्यानंतर आधी ग्रीस रिमूव्हर, मग १८० किंवा २२० ने सगळीकडे निस्तेज करा. घासताना कुठे पत्रा उघडा पडला तर तेवढ्या जागी पुन्हा इपॉक्सी, मगच सरफेसर. आणि टू-के च्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्याला धुळीचा मास्क पुरत नाही. बाहेरून हवा पुरवणारा मास्क लावा.