रास्पबेरी पाय मंद चालतोय? रंग कमी करा, रिझोल्यूशनला हात लावू नका

कळफलक (धागाकर्ता)

वाचनालयात किंवा शाळेच्या संगणक कक्षात ५१२ एमबी रॅमचा पाय झिरो २ डब्ल्यू (रास्पबेरी पाय या स्वस्त, एका बोर्डावरच्या छोट्या संगणकाचा एक प्रकार) डेस्कटॉप म्हणून लावला की तो अडखळतो. लगेच सल्ला मिळतो, 'रिझोल्यूशन, म्हणजे पडद्यावरच्या बिंदूंची संख्या, १०८० वरून ७२० वर आणा.' मराठी वाचण्यासाठी ठेवलेल्या यंत्राबाबत माझा या सल्ल्याला ठाम विरोध आहे.

हिशेब बघा. १९२०×१०८० चं एक पूर्ण चित्र ३२ बिटांत (म्हणजे प्रत्येक बिंदूच्या रंगाला ३२ बिट) ठेवायला सुमारे ८३ लाख बाइट लागतात, १६ बिटांत ४१ लाख. १२८०×७२० ला ३२ बिटांत ३७ लाख. या बोर्डावर प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोघांची रॅम एकच, आणि पडद्यासाठी ती सेकंदाला ६० वेळा वाचली जाते. १०८० ला ३२ बिट म्हणजे सेकंदाला जवळजवळ ५० कोटी बाइट. रंगाचे बिट निम्मे करा किंवा ७२० वर या, बचत जवळपास तेवढीच. मग गमवायचं काय, एवढंच ठरवायचं उरतं.

१०८० च्या एलसीडीला ७२० चं चित्र दिलं की प्रत्येक बिंदू दीडपट ताणला जातो आणि कडा पुसट होतात. रोमन अक्षरं त्यातून निभावतात. आपल्याकडे 'वर्गात' आणि 'वर्गांत' यांच्यातला फरक रफाराला चिकटलेल्या एका टिंबाचा आहे. 'द्ध', 'ष्ट्य' यांचा तर गोळाच होतो. १६ बिटांत लाल ५, हिरवा ६, निळा ५ मिळून ६५,५३६ रंग राहतात. पांढऱ्यावर काळं वाचायला ते भरपूर आहेत.

जुन्या ड्रायव्हरवर (पडदा चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) कॉन्फिग फाइलमध्ये फ्रेमबफर डेप्थ, म्हणजे रंगाचे बिट, १६ आणि १०८० साठी एचडीएमआय ग्रुप २, मोड ८२ लिहा आणि रीबूट करा.

निळी_शाई

असहमत. तुम्ही फक्त पडद्याकडे जाणारे बाइट मोजलेत. ते बाइट तयार करायला लागणारी मेहनत कुठे गेली? ब्राउझर आतल्या आत ३२ बिटांतच रंगवतो, १६ वर उतरवणं हे शेवटचं जादा काम. १०८० ला त्याला २०.७ लाख बिंदू रंगवावे लागतात, ७२० ला ९.२ लाख. पान सरकवताना जो अडखळा जाणवतो तो इथला आहे, आणि तो रिझोल्यूशन उतरवल्यावरच कमी होतो.

दुसरं म्हणजे वाचनालयात फक्त मजकूर नसतो. भूगोलाच्या नकाशातली उंचीची छटा १६ बिटांत पट्ट्यापट्ट्यांनी दिसते. करड्या रंगात हिरवट-गुलाबी झाक येते, कारण हिरव्याला एक बिट जास्त आहे. मुलांनी सह्याद्रीचा उतार पायऱ्यांसारखा का बघावा? अक्षरं बारीक वाटत असतील तर फाँट मोठा करा.

कळफलक

फाँट मोठा केला की ७२० च्या पडद्यावर ओळी किती मावतात तेही बघा. वर्तमानपत्राचं पान वाचणाऱ्या आजोबांना दर दोन ओळींनी सरकवावं लागलं, तर तुमचा वेग त्यांच्या काय कामाचा? ब्राउझरच्या रंगकामाचा मुद्दा खरा आहे, पण तो सरकवताना लागू पडतो. माणूस वाचत असतो तेव्हा पान स्थिर असतं, आणि रॅममधून ६० वेळा वाचणं तेव्हाही थांबत नाही.

नकाशांसाठी वेगळं यंत्र ३२ बिटांवर ठेवायला माझी हरकत नाही. तिथेही थेट २४ लिहू नका, जुन्या फर्मवेअरमध्ये (बोर्डाच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) त्याने चित्र बिघडू शकतं.

तारजोड

दोघंही २०२१ च्या आधीच्या जगात भांडताय. पायच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या बुल्सआय आवृत्तीपासून केएमएस नावाचा नवा ड्रायव्हर मूळचा झाला, आणि तो एचडीएमआय ग्रुप-मोडच्या ओळींकडे बघतही नाही. पुढच्या बुकवर्म आवृत्तीत, म्हणजे २०२३ पासून, कॉन्फिग फाइलही बूटमधल्या फर्मवेअर फोल्डरमध्ये गेली. लोक जुने लेख वाचून जुन्या जागी ओळी लिहितात आणि 'काहीच होत नाही' म्हणून बोर्डाला दोष देतात. आता रिझोल्यूशन बदलायचं तर डेस्कटॉपच्या स्क्रीन सेटिंगमधून, किंवा कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) कमांडलाइनमध्ये 'व्हिडिओ' या सूचनेतून.

माझं मत: मॉनिटर स्वतःच्या रिझोल्यूशनची माहिती बोर्डाला देतो, ती मानावी. अडखळतंय तर जादा टॅब बंद करा. ५१२ एमबीत खरी टंचाई ब्राउझरमुळे होते, पडद्याचे चाळीस लाख बाइट त्यापुढे काहीच नाहीत.

फळा_खडू

मी शिकवते, म्हणून वर्गातलं सांगते. आमच्याकडे मॉनिटर नाही, भिंतीवर टीव्ही आहे. 'एचडी रेडी' म्हणून विकलेल्या बऱ्याच टीव्हींचा पडदा मुळात १३६६×७६८ चा असतो. त्याला १०८० पाठवलं तर टीव्ही ते आकसून दाखवतो, म्हणजे कळफलक यांचा रफार तिथेच जातो. वर ओव्हरस्कॅनमुळे, म्हणजे टीव्ही चित्र थोडं मोठं करून दाखवतो त्यामुळे, कडेचा मजकूर कापला जातो तो वेगळाच. मागच्या बाकावरच्या मुलाला मोठं, ठळक अक्षर हवं. मी ७२० ठेवते, रंग पूर्ण ठेवते, आणि टीव्हीच्या मेनूतून ओव्हरस्कॅन बंद करते.

कळफलक

फळा_खडू, तुमच्या टीव्हीसाठी तुमचाच निर्णय योग्य. माझं म्हणणं पडद्याच्या मूळ रिझोल्यूशनला धरून राहण्याचं आहे. पडदाच १०८० चा नसेल तर १०८० पाठवण्यात अर्थ नाही.

तारजोड, टॅब बंद करा हे सार्वजनिक वाचनालयात कोणाकोणाला सांगणार? आणि बोर्डावर थेट बसणारे ४८०×३२० चे छोटे एसपीआय पडदे (एचडीएमआयऐवजी एसपीआय नावाच्या साध्या, हळू तारजोडणीने चालणारे) घ्या. ३२ मेगाहर्ट्झच्या तारेवरून १६ बिटांत सेकंदाला जेमतेम १३ चित्रं जातात, २४ बिटांत नऊही जाणार नाहीत. तिथे मॉनिटरची माहिती मानायची म्हटली तरी विचारायचं कोणाला? तो पडदा काही सांगतच नाही.

निळी_शाई

एसपीआयचं मान्य, तिथे तार हीच अडचण आहे. पण धागा वाचनालयाच्या १०८० मॉनिटरवर सुरू झाला होता. त्यावर मी अजूनही ७२० आणि पूर्ण रंगच लावेन. शंका असेल त्यांनी एकाच बोर्डावर दोन्ही लावून मराठी विकिपीडियाचं एखादं नकाशावालं लांब पान उघडून सरकवून बघावं.