अर्धस्वर: सूर की य-र-ल-व?

ओली भेळ: तंबोऱ्याच्या एका ॲपचं माहितीपत्रक मराठीत आणतेय. त्यात शुद्ध स्वरांतरांवर एक परिच्छेद आहे आणि दोन सुरांच्या कंपनांतल्या २५/२४ या गुणोत्तराचा एक छोटा सेमीटोन (साधारण अर्ध्या स्वराचं अंतर) आहे. मी बिनधास्त ‘लघु अर्धस्वर’ लिहून दिलं. तपासणाऱ्या बाईंनी लाल रेघ ओढून शेरा मारला, “अर्धस्वर म्हणजे य, र, ल, व. येथे काय संबंध?” नौपाड्यातल्या आमच्या क्लासात ‘अर्धा स्वर वर घे’ हे दहा वर्षं ऐकतेय! काय लिहू? गुरुवारी द्यायचंय.

खर्जात: बाई बरोबर आहेत. तुम्हीही. ‘अर्धा स्वर’ असं तोडून लिहिलं की गाणं, जोडून लिहिलं की व्याकरण. आपल्याकडे ‘स्वर’ हा शब्दच दोन घरी जेवतो, त्याला कोण काय करणार.

जुनापुराणा: मुळात सेमीटोन हवाच कशाला? आपल्याकडे ‘श्रुती’ आहे, सप्तकातलं बारीक स्वरांतर. नाट्यशास्त्रकार भरतापासून २२ मोजल्या आहेत: सा, म, प यांच्या चार-चार, रे आणि ध यांच्या तीन-तीन, ग आणि नी यांच्या दोन-दोन. तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकर’कार शार्ङ्गदेवाने देवगिरीत बसून सगळं मांडून ठेवलंय. घरात शब्द असताना उसनवारी का?

कानसवाला: श्रुती म्हणा, पण कुठली? सगळ्या सारख्या नाहीत. श्रुतींचे अभ्यासक डॉ. विद्याधर ओक तीन मापं सांगतात: ८१/८० ती प्रमाण श्रुती, २५/२४ ती न्यून श्रुती, २५६/२४३ ती पूर्ण श्रुती. म्हणजे ताईंना हवा तो शब्द तयार आहे. न्यून श्रुती.

भातुकली: न्यून म्हटलं की मला न्यूनगंड आठवतो. शिवाय तुमच्याच आकड्यांत ‘न्यून’ सर्वात लहान नाही, ‘प्रमाण’ त्याहून लहान! वाचकाने काय समजायचं?

कानसवाला: नाव राहू द्या, अंतर ऐका. सा सेकंदाला २४० कंपनांचा धरा. खर्जाची तार १२०. तिच्यात पाचपट म्हणजे ६०० आपोआप बोलतो, तो एक सप्तक खाली आणला की ३००. हा आपला स्वयंभू गंधार. कोमल गंधार ६/५ ने घेतला तर २८८. आता ३०० ला २८८ ने भागा, येतात २५/२४. तुमचा लघु अर्धस्वर तो हाच, कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधला. पेटीवर सप्तकाचे बारा सारखे भाग, म्हणून तिथे मात्र कोमल २८५.४ आणि शुद्ध ३०२.४. तंबोऱ्यात दोघांत बाराचं अंतर, पेटीत सतराचं. हे कळल्यावर मी घरची पेटी ओट्यावर उघडून गंधाराचा सूर (आतली पितळी पट्टी) कानसला. टोकाकडे घासलं की सूर चढतो, मुळाकडे घासलं की उतरतो. मला उतरवायचा होता आणि मी घासलं टोकाला. तीन दिवस आई त्या पेटीवर भजन म्हणायला बसली नाही.

ओली भेळ: 😄 पण शब्द?

ट्रान्सहार्बर: (वाशी-ठाणे लोकलमधून, टंकनदोष पोटात घाला.) खरी गोची ‘अर्ध’मध्ये आहे. २५/२४ गुणिले १६/१५ म्हणजे १०/९, तो एक पूर्ण स्वर. सेंटमध्ये (एका सप्तकाचे १२०० सेंट) मोजलं तर एक तुकडा ७१चा, दुसरा ११२चा. दोघेही ‘अर्धे’! याला निम्मा म्हणाल का? निम्मा म्हणजे बरोब्बर वाटणी. अर्धा मात्र सैल. अर्धवट, अर्धामुर्धा. वडापाव ‘अर्धा दे’ म्हटलं की मोठा तुकडा कोण घेतो ते घरोघरी ठरलेलं असतं.

जुनापुराणा: पाणिनीचं सूत्रच आहे, ‘अर्धं नपुंसकम्’. नपुंसकलिंगी अर्ध म्हणजे समान भाग, पुल्लिंगी अर्ध म्हणजे नुसता भाग. तेव्हा ‘निम्मा’ची गरज नाही. तो तर फारसी ‘नीम’वरून आलेला.

भातुकली: मग निमसरकारी नोकरीतल्यांनी काय करावं? 😏 माझं मत ‘लघु अर्धांतर’. य-र-ल-व चा घोळ संपतो, अंतर आहे हेही कळतं.

खर्जात: अर्धांतर ऐकून शाळेतली उंच उडी आठवली. गाणारा माणूस हे तोंडात घेणार नाही. आमच्या बाई जोग राग शिकवायच्या. शुद्ध गंधार, मध्यम आणि मग परत येताना कोमल गंधार. तिथे मी दर वेळी घसरायचो. त्यांनी कधी श्रुती म्हटलं नाही, की अर्धस्वर. फक्त डोळे मिटून म्हणायच्या, “उतरा लागतोय रे, जरा चढा घे.” बस.

कानसवाला: म्हणजे पत्रकात ‘जरा चढा’ छापायचं?

खर्जात: छापा की. लोकांना २५/२४ पेक्षा लवकर कळेल.

जुनापुराणा: हीच ती वृत्ती! परिभाषा नको, अडाणीपणा हवा.

ट्रान्सहार्बर: परिभाषा हवीच, पण ती घडायला गाणाऱ्यांचं तोंड लागतं. ‘श्रुती’चंच बघा. दक्षिणेत श्रुती म्हणजे आधाराचा सा. तिकडच्या वादकाला तुम्ही ‘न्यून श्रुती द्या’ म्हणालात तर तो वाद्यच खाली लावेल.

ओली भेळ: मंडळी, आज गुरुवार. मी ‘लहान अर्धा स्वर (२५/२४)’ असं तोडून लिहून पाठवतेय. बाईंनी परत रेघ मारली तर इथेच येऊन रडेन.

भातुकली: ‘अर्धा’ काना देऊन? मग ‘लहान’ला लघुचा मान का नाही?

जुनापुराणा: मला अजून एक कळत नाही. अर्ध म्हणजे जर बरोबर भाग, तर ‘अर्धचंद्र देणे’मधला चंद्र नक्की किती?

ट्रान्सहार्बर: मानेवर पंजा ठेवल्यावर अंगठा आणि तर्जनीमध्ये होतो तेवढा. ऐरोली आलं, रात्री सविस्तर लिहितो.