मदत हवी आहे : मन्नारच्या आखातातील पवनचक्क्यांपूर्वीची सागरी जीवसृष्टीची नोंद

तमिळनाडूच्या किनाऱ्यालगत ५०० मेगावॉट सागरी पवनऊर्जेसाठी केंद्र सरकारने २०२४ मध्ये अर्थसाहाय्य मंजूर केले असून, तिथल्या सागरी जीवसृष्टीविषयी उपलब्ध माहितीचा मी आढावा घेत आहे. मन्नारच्या राष्ट्रीय उद्यानातील २१ बेटे, प्रवाळ आणि समुद्री गवतावर जगणारी समुद्रगाय यांविषयी बरेच साहित्य मिळते. मात्र बेटांपलीकडच्या उघड्या समुद्रातील तळाचे जीव आणि पाण्याखालील आवाजाची मूळ पातळी यांच्या ऋतुवार नोंदी मला मिळालेल्या नाहीत. मोसमी वाऱ्यांबरोबर तिथले प्रवाह दिशा बदलत असल्याने एकाच हंगामाची पाहणी मला अपुरी (खरे तर फसवी) वाटते. खांब ठोकण्यापूर्वी किमान किती वर्षांच्या नोंदी असाव्यात, आणि मच्छीमारांचे अनुभवज्ञान त्यांत पडताळण्याजोग्या रीतीने कसे समाविष्ट करावे, याबाबत जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.