लेखाची घडण भाषा ठरवते की शाळा?

आडवाटेचा (धागालेखक)
संहिता-विश्लेषणाची, म्हणजे लेख किंवा कथन कसं बांधलं जातं याच्या अभ्यासाची, तोंडओळख करून देणारं काहीही वाचायला घ्या, भाषाभ्यासक रॉबर्ट कॅप्लान यांची चित्रं हटकून भेटतात. कुठल्या भाषेत मुद्दा कसा पुढे सरकतो हे दाखवायला १९६६च्या निबंधात त्यांनी इंग्रजीला सरळ खाली उतरणारी रेघ दिली, सेमिटिक (अरबी, हिब्रू वगैरे) भाषांना नागमोडी, आणि 'पौर्वात्य' म्हणून एकाच गाठोड्यात बांधलेल्या भाषांना आत आत वळत जाणारं वेटोळं. चित्रं डोक्यात बसतात, तीच अडचण आहे. कारण आधार काय? परदेशी विद्यार्थ्यांनी इंग्रजीत लिहिलेले निबंध! अरबी माणूस मुद्दा कसा मांडतो हे ठरवायला अरबी मजकूर नको? पोहायला शिकणाऱ्याची धडपड बघून त्याच्या चालण्यावर मत देण्यातला हा प्रकार.

माझं म्हणणं सरळ आहे. मुद्दा आधी आणि पुरावे मागून, ही रीत निबंधाच्या तासाला शिकवली जाते. ती इंग्रजीच्या रक्तात वगैरे नाही. चिनी विद्यार्थ्यांच्या लेखनाबद्दल मोहन आणि लो यांनी १९८५ साली साधारण हेच मांडलं: अडचण चिनी भाषेची नाही, लिहायला काय आणि कसं शिकवलं याची आहे.

शेंडेनक्षत्र
कॅप्लानना झोडपणं सोपं आहे हो, त्यांनी स्वतःच पुढे तो दावा बराच सौम्य केला. म्हणून सगळंच मोडीत काढायचं का? भाषाशास्त्रज्ञ वॉलेस चेफ यांनी प्रयोगासाठी वापरलेली 'पेअर फिल्म' बघा. जेमतेम सहा मिनिटांची, संवाद शून्य. एक माणूस झाडावर पेअर तोडतोय, सायकलवरचा मुलगा खालची एक टोपली उचलून पसार होतो, पुढे धडपडतो, तीन मुलं त्याला मदत करतात. अनेक भाषांच्या लोकांना ती दाखवली आणि 'काय पाहिलंत ते सांगा' म्हटलं. डेबोरा टॅनेन यांनी ग्रीक आणि अमेरिकन बायकांची कथनं ताडून पाहिली. अमेरिकन बायका घटनांचा क्रम नीट लावण्यात आणि फिल्म कशी घेतलीय यात गुंतल्या. ग्रीक बायकांनी माणसांचे हेतू सांगितले, बरंवाईट ठरवलं. इथे निबंधाचा तास कुठून आला?

आडवाटेचा
आला की! टॅनेन यांचाच कयास असा की अमेरिकन बायकांनी ती स्मरणशक्तीची परीक्षा समजून उत्तरं दिली. परीक्षा द्यायची सवय कुठे लागते? आणि ग्रीक व्याकरणात असं काय आहे की हेतू सांगितल्यावाचून वाक्य पुरं होत नाही?

पाणिनीचा भाडेकरू
दोघंही व्याकरणाला वळसा घालताय. पापुआ न्यू गिनीतल्या कितीतरी भाषांत आधीच्या वाक्याचं शेपूट पुढच्या वाक्याच्या तोंडाशी येतं: 'तो नदीवर गेला. जाऊन मासे धरले. धरून घरी आणले.' आपल्याला हे पाल्हाळ वाटेल, तिथे ती कथनाची वीण आहे. शिवाय काही भाषांत क्रियापदाचा प्रत्ययच सांगून टाकतो की पुढच्या क्रियेचा कर्ता तोच आहे की बदलला. मग पानभर गोष्टीत नावं पुन्हापुन्हा घ्यावी लागत नाहीत. मराठी '-ऊन' यातलं अर्धं काम करतं. 'दार उघडून आत आला' म्हटलं की उघडणारा आणि येणारा एकच. हे कुठल्या शाळेत शिकवतात?

आडवाटेचा
वाक्याला वाक्य कसं सांधायचं ते व्याकरण ठरवतं, मान्य. पण मुख्य मुद्दा पहिल्या परिच्छेदात यावा की शेवटच्या, हे '-ऊन' कसं ठरवणार?

कोरडं पान
'वेटोळ्या'बद्दल थोडं. न्यायशास्त्रातले, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रातले, अनुमानाचे पाच अवयव आठवा: प्रतिज्ञा (दावा), हेतू (कारण), उदाहरण, उपनय (ते इथे लावणं), निगमन (निष्कर्ष). पर्वतावर अग्नी आहे, हे आधी ठणकावून सांगायचं, 'कारण धूर दिसतो' हे मागून. याहून सरळ रेघ कोणती? मीमांसकांनी, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्यांनी, तर ग्रंथाचं तात्पर्य ओळखायच्या खुणाच देऊन ठेवल्या: उपक्रम-उपसंहार (सुरुवात आणि शेवट), अभ्यास, अपूर्वता (नवेपणा), फल, अर्थवाद (स्तुती-निंदा), उपपत्ती (युक्तिवाद). यातला 'अभ्यास' म्हणजे पुनरुक्ती. ज्याला आजचा संपादक लाल शाईने काटतो, ती तिथे मुख्य मुद्द्याची खूण!

शेंडेनक्षत्र
वादाचे नियम वेगळे, लेखाचे वेगळे. जपानीतलं कि-शो-तेन-केत्सु बघा: सुरुवात, विस्तार, अचानक वळण, शेवट. भाषाभ्यासक जॉन हिंड्स म्हणतात तसा तिथे धागा जुळवायचा भार वाचकावर असतो.

कोरडं पान
ती रचना मुळात चिनी चार ओळींच्या कवितेतून आलेली. आणि हिंड्स यांची भिस्त होती 'असाही शिंबुन' या जपानी वृत्तपत्रातल्या एका सदरावर. र्‍युको कुबोता यांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं. एका सदरावरून अख्खी भाषा?

पाणिनीचा भाडेकरू
मग प्रयोग असा करा. भाषा एकच, फिल्म तीच, एक गट शिकलेल्यांचा आणि एक कधीच शाळेत न गेलेल्यांचा. आडवाटेचा यांचं खरं असेल तर दोन गटांच्या कथनांत मोठी तफावत पडायला हवी.

आडवाटेचा
चालेल. पैज लावतो, पडेलच.

शेंडेनक्षत्र
पडली तरी तुम्ही जिंकलात असं होत नाही. शाळेत न गेलेला माणूसही लहानपणापासून गोष्टी ऐकतच गोष्ट सांगायला शिकतो. ते शिकणं कुणाच्या खात्यात जमा करणार, भाषेच्या की शाळेच्या?